लुओफू पर्वत आणि चिंगहाओ: काढा नव्हे, पिळलेला रस
दक्षिण चीनमधल्या लुओफू पर्वतावर राहिलेल्या गे होंग या वैद्याने हिवतापावर (मलेरियावर) चिंगहाओ या वनौषधीचा काढा दिला होता, असं म्हटलं जातं. वनस्पती बरोबर, काढा नाही. चौथ्या शतकातली त्याची कृती अशी: मूठभर चिंगहाओ दोन शंग पाण्यात (साधारण ४०० मिली) भिजवा, पिळा, सगळा रस प्या. आचेचा उल्लेखच नाही. १९७१ मध्ये चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांनी नेमकं हेच हेरलं आणि ३५ अंशांच्या आसपास उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. जास्त उष्णतेत गुण जात होता. चिंगहाओतलं हिवतापावर चालणारं द्रव्य, आर्टेमिसिनीन, पाण्यात जेमतेम विरघळतं, त्यामुळे या झाडाचा चहा पिऊन हिवताप बरा करायला जाऊ नये. मात्रा अपुरी पडते, परजीवी उरतात आणि ताप उलटतो.