शाळा मिळता मिळेना : घर बदलल्यावर मुलांच्या प्रवेशाचे अनुभव

कोल्हापूरची_ठाणेकर
मागच्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास लिफ्टमध्ये एक सात-आठ वर्षांची मुलगी भेटली. अंगात गणवेश, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, पायात पांढरे मोजे आणि वर घरातली चप्पल. गणवेश आमच्या कासारवडवलीतल्या कुठल्याच शाळेचा नव्हता. म्हटलं, "आज सुट्टी का गं?" तर म्हणाली, "शाळाच नाही अजून." आई ओशाळली. महिन्याभरापूर्वी नाशिकहून आलेत. पोरगी रोज जुना गणवेश घालून बसते म्हणे.

ते मोजे काही डोळ्यांपुढून हलेनात. २०१२ मध्ये आम्ही कोल्हापूरहून ठाण्यात आलो ते ऑक्टोबरमध्ये, ह्यांच्या बदलीमुळे. मुलगा तिसरीत. सहा शाळांनी "जूनमध्ये या" म्हणून परत पाठवलं. सातवी तयार झाली, तर तिथल्या क्लार्कबाईंनी दाखल्यावर बोट ठेवलं. जन्मतारीख अंकी १२ मार्च, अक्षरी बारा मे! आम्ही दोघांनी तो दाखला दहा वेळा तरी हाताळला असेल, एकदाही अक्षरं वाचली नव्हती.

हे रातराणीने कोल्हापूरला. तिथल्या शाळेने लाल शाईने 'मे' खोडून वर 'मार्च' लिहिलं, सही-शिक्का मारला. परत आलो तर क्लार्कबाई म्हणाल्या, "खाडाखोड चालत नाही." पुन्हा रातराणी. या वेळी नवीन दाखला, त्यावर 'दुय्यम प्रत' असा ठसा. मग मूळ प्रत कुठंय म्हणून चौकशी! मूळ प्रत बाईंच्याच टेबलावर, पेपरवेटखाली.

दिवाळीनंतर प्रवेश झाला. तोवर लेक रोज रात्री दप्तर भरून ठेवायचा. मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

तुमचंही लिहा. त्या नाशिकच्या ताईंना दाखवीन म्हणते.

नेरूळकर_सई
मोजे आणि चप्पल... कुकर लावलाय, नंतर लिहिते.

ऐरोलीचा_बाबा
आमचं ज्युनियर केजीचं. मुलाखत 'मुलाची नाही, पालकांशी संवाद' असं फोनवर सांगितलेलं. गेलो तर बाईंनी पोराला केळं दाखवलं. रंग कोणता? पोरगा केळ्याकडे बघून म्हणाला, "आधी पिवळं होतं." खरंच काळं पडलेलं हो, सकाळपासून तेच एक केळं चाललेलं. पुढचा प्रश्न, घरी कोणती भाषा बोलता? "बाबांनी सांगितलंय इंग्लिश सांग."
प्रवेश मिळाला नाही हे वेगळं सांगायला नको.

मामलेदार_मिसळ
बाबा 😂😂 पोरगं तुमचं वकील होणार.

निवृत्त_मास्तर
३१ वर्षं शिकवलं, म्हणून थोडं लांबण लावतो. ऐरोलीकर, पहिलीपासून पुढच्या प्रवेशाला अशी मुलाखतच बेकायदा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. कलम १३ प्रमाणे चाळणी परीक्षा घेता येत नाही, मुलाची नाही आणि पालकांचीही नाही. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत.

कोल्हापूरच्या ताई, तुमच्यासाठी कलम ५. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. पण यातली मेख कोणी सांगत नाही. शाळा बदलून मिळण्याचा हा हक्क सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित (म्हणजे सरकारी अनुदानावर चालणाऱ्या) शाळांपुरता आहे. खासगी विनाअनुदानित शाळा त्यातून वगळलेल्या आहेत. लोक नेमके तिथेच कलम ५ घेऊन भांडायला जातात आणि हात हलवत येतात. मधल्या सत्रात आलात तर आधी घराजवळची अनुदानित किंवा पालिकेची शाळा गाठा, पोराला वर्गात बसवा, मग जूनची बघा. महिना-महिना घरी बसवून ठेवण्याइतकं वाईट काही नाही.

घोडबंदरची_वाहतूककोंडी
मास्तर, कलम खरं, पण गेटवरच्या वॉचमनला ते कोण सांगणार? आमच्या इथे आत सोडतच नाहीत. वहीत नाव, मोबाईल, 'कामाचे स्वरूप'. मी लिहिलं 'प्रवेश'. त्याने वाचलं आणि म्हणाला, "फुल्ल." मुख्याध्यापक, क्लार्क कोणी नाही, थेट वॉचमनकडून निकाल! दुसऱ्या दिवशी 'कामाचे स्वरूप : वैयक्तिक' लिहिलं, लगेच आत.

ऐरोलीचा_बाबा
हे लिहून ठेवतो 🙏

खारघर_सेक्टर१२
आम्ही कोपरखैरणेहून खारघरला आलो तेव्हा वाटलं, नवी मुंबईतच तर आहोत. पण आरटीईचा (शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल घटकांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांचा) अर्ज भरताना कळलं की खारघर रायगड जिल्ह्यात! पालिकाही पनवेलची. भाडेकरार नोटरीचा होता, तो चालत नाही, नोंदणीकृत लागतो. धावत जाऊन केला. मग नकाशावर घराची खूण करायची, अंतर तिथून मोजतात. नवऱ्याने मोबाईलवर बोट ठेवलं ते बहुतेक डोंगरावर. यादीत जवळची एकही शाळा नाही.

त्यात ते २०२४ साल. फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. मे महिन्यात उच्च न्यायालयाची स्थगिती, जुलैत तो नियमच रद्द. तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटलेला. सोसायटीतली सगळी मुलं बसला उभी आणि माझी गॅलरीत.

मामलेदार_मिसळ
सेक्टर १२ मध्ये पाणी नीट येतं का हो? बहीण घर बघतेय.

खारघर_सेक्टर१२
आमच्या सोसायटीत येतं. उन्हाळ्यात टँकर धरून चाला.

ळ_ची_आई
हैदराबादहून आलो, मुलगा पाचवीत. दुसऱ्या राज्यातला दाखला म्हणून तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागितली. आम्ही सामान उतरवून मोकळे, स्वाक्षरी तिकडेच! शेवटी दिरांनी तिकडे दोन दिवस खेटे घातले.
पुढचं संकट मराठी. २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांना सक्तीची, आणि याला घरात बोलण्यापलीकडे काही येत नाही, लिहायचं तर नावच नको. बाईंनी पहिल्याच दिवशी शुद्धलेखन घातलं. आला तो म्हणाला, "आई, इथे 'च' दोन प्रकारचा आहे आणि लिहितात एकच!" चमचा आणि चहा म्हणून बघा, मला चाळीस वर्षांत जाणवलं नव्हतं. 'ळ' मात्र फर्स्टक्लास, तेलुगूत आहे ना. वर्गातली निम्मी मुलं 'शाला' म्हणतात, हा त्यांना सुधारतो.

निवृत्त_मास्तर
मुलगा हुशार आहे. चमच्यातला पहिला 'च' म्हणतोय ना तो? त्याला माझा नमस्कार सांगा.

नेरूळकर_सई
आले. कुकर, पोळ्या, क्लास सगळं उरकून. आमचं असं की थोरलीला जागा मिळाली, धाकट्याला त्याच शाळेत नाही. 'भावंडांना प्राधान्य' असं बोर्डावर लिहिलेलं आणि आत म्हणे वेटिंगवर नाव घाला. धाकट्याचा जन्म २ जानेवारीचा, वयाची तारीख ३१ डिसेंबर. दोन दिवसांनी हुकला! सासूबाई अजून डॉक्टरांना बोल लावतात.
दोन वर्षं सकाळी एकीला सीवूड्सला, एकाला जुईनगरला. दोन डबे, दोन व्हॅन. एकदा डब्यांची अदलाबदल झाली तर धाकटा रडला, थोरलीच्या डब्यात कारलं होतं.

घोडबंदरची_वाहतूककोंडी
कारलं कोण देतं डब्यात 😳

नेरूळकर_सई
तिला आवडतं हो. खरंच.

पोस्टमन_काकांची_सून
मानपाड्याहून कोपरीपर्यंत येणारी व्हॅन कोणाच्या माहितीत आहे का? विषय वेगळा आहे पण तातडीचं आहे. आमचे व्हॅनवाले काका गावी गेलेत, मेट्रोच्या कामामुळे दुसरं कोणी तयार होईना.

मामलेदार_मिसळ
निरोप टाकलाय बघा.

कोल्हापूरची_ठाणेकर
मास्तरांचं लिहिलेलं सकाळी नाशिकच्या ताईंना वाचून दाखवलं. त्यांना अनुदानित म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, मला तरी २०१२ ला कुठे होतं. दुपारी आम्ही दोघी इथल्या एका अनुदानित शाळेत जाऊन आलो. मुख्याध्यापिकाबाईंनी कागद बघितले, उद्या मुलीला घेऊन या म्हणाल्या. जन्मतारीख अंकी-अक्षरी दोन्ही मी स्वतः मोठ्याने वाचून घेतली, बाई हसल्या.
आता प्रश्न आहे गणवेशाचा. पोरगी म्हणते हाच घालून जाणार. आई म्हणते आधी नवा शिवू. तुमचं काय मत?

ळ_ची_आई
जाऊ दे हो हाच घालून.

ऐरोलीचा_बाबा
पण बूट घाला म्हणावं.