ट्रॅबेक्युलेक्टॉमी अयशस्वी ठरल्यानंतरचे पर्याय
‘काचबिंदूची ट्रॅबेक्युलेक्टॉमी अयशस्वी ठरली की लेझरखेरीज काही उरत नाही,’ हे विधान मला मान्य नाही, आणि ते वाचून एखाद्या रुग्णाने उपचारच सोडू नयेत म्हणून हे आवर्जून लिहीत आहे.

या शस्त्रक्रियेत डोळ्यातील दाब कमी व्हावा म्हणून आतील द्रवाला नेत्रश्लेष्मलेखाली (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणाखाली) नवी वाट करून देतात. व्रण रोखणारे मायटोमायसिन हे औषध लावूनही ती वाट व्रणामुळे बुजली, तर नळीरोपणाचा विचार करता येतो. त्यात सिलिकॉनची बारीक नळी डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात बसवून द्रव मागे शिवलेल्या तबकडीकडे नेला जातो. अहमद रोपणात झडप असल्याने दाब लगेच उतरतो, मात्र पुढे तो तितकाच खाली राहील असे नाही. बेअरवेल्टच्या 350 चौरस मिलिमीटरच्या रोपणात झडप नसते. त्यामुळे नळी विरघळणाऱ्या टाक्याने बांधतात आणि तो साधारण 5 ते 6 आठवड्यांनी सैल होईपर्यंत औषधाचे थेंब चालू ठेवावे लागतात. याच धर्तीचे रोपण मदुराईच्या ऑरोलॅब या नेत्रसाहित्य बनवणाऱ्या संस्थेने तयार केल्याने ते आपल्याकडील सामान्य रुग्णांच्या आवाक्यात आले, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

दाब अतिशय उतरणे, पारपटलाला (बुबुळावरील पारदर्शक पडद्याला) इजा होणे, एकाच्या दोन प्रतिमा दिसणे, नळी उघडी पडणे हे धोके आहेतच. सिलियरी बॉडीवरील, म्हणजे डोळ्यातील द्रव तयार करणाऱ्या भागावरील लेझर प्रामुख्याने दृष्टी फार कमी उरलेल्या किंवा पुन्हा शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या डोळ्यांसाठी वापरतात, तेव्हा त्याकडे वळण्यापूर्वी काचबिंदूतज्ज्ञाकडे नळीरोपणाविषयी स्पष्ट विचारणा करावी.