शब्दचर्चा: ‘हितसंबंध जाहीर करा’ असं लिहिलं तर कोणी फॉर्म भरेल का?

रामबागवाली:
नमस्कार मंडळी, इंदूरला बसून महाराष्ट्रातल्या मुख्याधिकाऱ्यांसाठी ट्रेनिंगचं पुस्तक मराठीत करून देतेय. धड्याचं नाव आलंय ‘नैतिक आव्हाने’, ते मी ‘नोकरीतले पेच’ केलं (पेचही कुस्तीतलाच, पण तो निदान आपण रोज बोलतो). अडलंय ते कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्टवर. ‘हितसंबंधांचा संघर्ष’ म्हणा नाहीतर हिंदीतलं ‘हितों का टकराव’, वाचून वाटतं दोन पार्ट्यांत मारामारी झाली, आणि इथे तर भांडण नाहीच, साहेबाच्या साडूने टेंडर भरलंय, टेंडर उघडणार साहेब, दोघांचं छान जमतंय हाच तर प्रॉब्लेम आहे! सोबत एक फॉर्म पण आहे, ‘आपले हितसंबंध जाहीर करा’. सुचवा काहीतरी.

सुदामानगर:
संघर्ष काढूनच टाका. ‘हितसंबंध गुंतलेले असणे’ ही तयार मराठी आहे. महाराष्ट्राचा 1949 चा महानगरपालिका कायदा बघा, पालिकेच्या कंत्राटात नगरसेवकाचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हिस्सा असला, आडवळणाने का असेना, तर तो अपात्र, काही अपवाद सोडले तर. त्याने त्यात खाल्लं की नाही हा प्रश्नच येत नाही.

लोकमान्यनगरचा काका:
ताई, ‘गुंतलेले’ पेपरात वाचलं की आपण काय समजतो? की हा माणूस खातोय. हीच गोची आहे. मी भवन अनुज्ञा शाखेत होतो, गाव नाही सांगत. सख्ख्या भाच्याच्या घराचा नकाशा मंजुरीला माझ्याच टेबलावर आला, मी नोटशीटवर सरळ लिहिलं की आवेदक माझा भाचा आहे, प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याला द्यावं. बाबू म्हणतो, साहब ये क्यों लिख दिया, अब तो सबको शक होगा! गुपचूप सही ठोकली असती तर कोणी हूं की चूं केलं नसतं. घरी बहीण वेगळीच रुसली, म्हणे मामा असून अंग काढून घेतलंस. आता बघा, बाजूला होणं हे नियमाने बरोबर आणि आपल्या भाषेत त्याला शब्द काय, तर अंग काढून घेणं, म्हणजे पळपुटेपणा. ‘हितसंबंध’ लिहिलेला फॉर्म माझ्यापुढे आला असता तर मीही ‘निरंक’ लिहून मोकळा झालो असतो, कारण तो कबुलीजबाब वाटतो.

नारायणबाग:
काकांशी सहमत, आपले सगळेच शब्द आधीपासून बदनाम आहेत. लागेबांधे, साटंलोटं, मलिदा, चिरीमिरी, आणि पेपरवाल्यांचं लाडकं ‘अर्थपूर्ण चर्चा’. ‘वशिला’ मूळ अरबी, अर्थ नुसता साधन, पण वशिल्याचं तट्टू म्हटलं की झालं. उलट कायद्याचा शब्द इतका सोवळा की कळतच नाही. 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या हिंदीत लाचेला होता ‘परितोषण’, ऐकून वाटतं शाळेतलं बक्षीस. त्यात नुसता पैसा येत नाही, इतर मेहेरबान्याही येतात. 2018 च्या दुरुस्तीत तो नुसता व्याख्येपुरता उरला आणि गुन्ह्याच्या कलमात ‘गैरवाजवी फायदा’ अशा अर्थाचा आला, तो बरा. त्याच दुरुस्तीने देणाराही थेट गुन्हेगार झाला, जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर 7 दिवसांत कळवलं तरच सुटका.

रामबागवाली:
काका, ‘पळपुटेपणा’ मार्जिनमध्ये लिहून ठेवलंय. अजून एक, हॉस्पिटॅलिटीला मी ‘आदरातिथ्य’ केलंय, पण वाक्य असं झालं की ‘अधिकाऱ्याने आदरातिथ्य टाळावे’, म्हणजे घरी आलेल्याला पाणीसुद्धा विचारायचं नाही की काय 😄

सुदामानगर:
तिथे दोन शब्द लागतील. आयएएस वाल्यांचे 1968 चे आचरण नियम आहेत, त्यात सहज झालेलं जेवण किंवा कोणी गाडीतून सोडणं ही भेट धरत नाहीत, पण ज्यांचं ऑफिसात काम आहे त्यांच्याकडून थाटाची किंवा वारंवार होणारी खातिरदारी टाळावी असं आहे. पहिल्याला ‘पाहुणचार’, दुसऱ्याला ‘बडदास्त’. ठेकेदार बडदास्त ठेवतो, पाहुणचार नाही करत. तुमच्या मुख्याधिकाऱ्यांना महाराष्ट्राचे 1979 चे वर्तणूक नियम लागू, भेटीवर बंधनं तिथेही आहेत, आणि लग्नामुंजीतल्या भेटीला सरळ ‘आहेर’ लिहा, ‘भेटवस्तू’ म्हटलं की दिवाळीचा ड्रायफ्रूटचा डबा पण त्यातच शिरतो.

रामबागवाली:
बडदास्त! घेतला. मग फॉर्ममध्ये ‘हितसंबंध’ शब्दच नको, साधे प्रश्न टाकते: अर्जदाराशी तुमचं नातं आहे का, पैशाचा व्यवहार आहे का, ओळख आहे का. हो किंवा नाही.

लोकमान्यनगरचा काका:
ओळख नका टाकू. छोट्या गावात मुख्याधिकारी असो का इथला सीएमओ (मुख्य नगरपालिका अधिकारी), वर्षभरात अर्धं गाव ओळखीचं होतं, सगळे ‘हो’ लिहितील आणि फॉर्मला अर्थ राहणार नाही.

नारायणबाग:
‘घरोबा’ आहे ना. घरोबा आहे का? ज्याच्याकडे पोरांच्या वाढदिवसाला जाता तो घरोबा, ज्याला रस्त्यात हात करता ती ओळख.

रामबागवाली:
पक्कं, घरोबा. फक्त पुण्याला भाषा तपासायला जाईल तेव्हा त्याचं ‘कौटुंबिक स्नेहसंबंध’ होऊन येऊ नये एवढंच.