सोसायटीच्या ग्रुपवर: लेकीनं पासपोर्ट जवळ बाळगावा का?

देशपांडे काकू (बी-५०२): नमस्कार मंडळी. जरा विचारायचं होतं. आमची सई न्यू जर्सीला असते, एडिसनमध्ये, एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. काल फोनवर म्हणाली, आई, हल्ली भाजी आणायला जातानाही कागद पर्समध्ये ठेवते. त्यांच्याकडे व्हिडिओ फिरतोय, तोंड झाकलेला अधिकारी रस्त्यात माणसाच्या चेहऱ्यासमोर मोबाईल धरतो आणि नावगाव सगळं कळतं म्हणे. हे खरं आहे की आपलं नेहमीचं फॉरवर्ड? ह्यांना रात्रभर झोप नाही.

साठे काका (ए-२०१): वहिनी, उगाच घोर लावून घेऊ नका. सईचं सगळं कायदेशीर आहे ना? मग मोबाईल धरू दे नाहीतर दुर्बीण. कर नाही त्याला डर कशाला.

निखिल (सी-३०४): काकू, खरं आहे ते. ॲपचं नाव मोबाईल फोर्टिफाय. तिकडचं इमिग्रेशनची धरपकड करणारं खातं, ज्याला सगळे आइस म्हणतात, त्यांच्या लोकांच्या फोनमध्ये असतं. जून २०२५ मध्ये ४०४ मीडिया या वृत्तस्थळानं खात्यातले ईमेल मिळवून बातमी दिली, तेव्हा बाहेर आलं. फोन चेहऱ्यावर रोखायचा, फोटो सरकारी सर्व्हरवर जातो आणि सुमारे २० कोटी फोटोंशी ताडला जातो. बोटांचे ठसेही कॅमेऱ्यानेच घेता येतात.

देशपांडे काकू (बी-५०२): २० कोटी?? एवढे फोटो आले कुठून यांच्याकडे

निखिल (सी-३०४): आपणच दिलेत. व्हिसाच्या वेळी, मग विमानातून उतरल्यावर काउंटरसमोर कॅमेऱ्याकडे बघत उभं राहतो तेव्हा. तुम्ही आणि काका सईकडे राहून आलात ना, तुमचेही असणार.

देशपांडे काकू (बी-५०२): अगं बाई

पाटील, सेक्रेटरी (ए-४०३): सूचना. उद्या सकाळी १० ते १ बी विंगची टाकी धुतली जाणार आहे. पाणी भरून ठेवावे ही विनंती.

साठे काका (ए-२०१): निखिल, मला यात वावगं काय ते समजेना. आम्ही बँकेत चेक आला की सहीचं कार्ड काढून सही जुळवायचो. जुळली की पैसे. कुणाचा अपमान झाला नाही त्यात. सई कायदेशीर आहे हे दोन सेकंदांत सिद्ध होईल, उलट बरंच की.

निखिल (सी-३०४): काका, तुम्ही बरोबर जागी आणलंत. तुम्ही चेकवरचा खाते नंबर बघून त्या एकाच खात्याचं कार्ड काढायचात. समजा चेकवर नंबरच नाही, नाव नाही, नुसती सही आहे, तीही पळत्या रिक्षात केलेली. आणि मॅनेजर म्हणतोय, शाखेतली सगळी कार्डं चाळा आणि हा कोण ते सांगा. सांगाल?

साठे काका (ए-२०१): कार्डं किती ते बघावं लागेल.

निखिल (सी-३०४): तीच तर गोम आहे. विमानतळावर हीच यंत्रणा बऱ्यापैकी चालते, कारण तिथे त्या विमानाची प्रवाशांची यादी आधीच हातात असते. तीनशे चेहऱ्यांतून एक शोधायचा. तुम्ही स्थिर उभे, उजेड चांगला, टोपी-चष्मा काढलेला. रस्त्यावर कसली यादी? समोरचा कोण याचा पत्ता नाही, म्हणून सगळा साठाच चाळायचा. आता समजा मशीन इतकं हुशार आहे की दहा लाखांत एकदाच चुकून दुसऱ्याला "हाच तो" म्हणतं. तीनशेंच्या यादीत ती चूक जवळजवळ होणारच नाही. २० कोटींत तशी दोनशे माणसं निघतील. दोनशे! मशीन तेच, चूक करण्याचं प्रमाण तेच. आणि हे मी चांगल्या फोटोचं धरलं. गाडीच्या काचेतून, मान खाली, संध्याकाळची वेळ असं असेल तर विचारूच नका.

मीनल (डी-६०१): आम्ही सिएटलला होतो तेव्हा ऑफिसमध्ये यावर बोलणं व्हायचं. सावळ्या चेहऱ्यांत जास्त चुका होतात हे खरं ना?

निखिल (सी-३०४): हो. तिकडची सरकारी मानकं ठरवणारी संस्था आहे, निस्ट. त्यांनी डिसेंबर २०१९ मध्ये १८९ अल्गोरिदम, म्हणजे चेहरे जुळवणारे प्रोग्राम, तपासले. आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांत भलत्याच माणसाशी जुळवण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा १० ते १०० पट निघालं, कुठला अल्गोरिदम त्यावर अवलंबून. चांगल्यांत फरक कमी होता आणि नंतर सुधारणाही झाल्यात, हे मान्य. पण इमिग्रेशनवाले रस्त्यात अडवतात कुणाला? सोनेरी केसांच्या बाईला नाही अडवत कोणी.

ॲड. मोहिते (बी-१०३): त्यावरच कोर्टबाजी झाली. लॉस एंजेलिसमध्ये खालच्या कोर्टानं सांगितलं होतं की नुसता वंश, भाषा, कामाचा प्रकार आणि जागा बघून माणसं अडवू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या मनाईला स्थगिती दिली. म्हणजे रंगावरून अडवायचं आणि मग ओळख पटवायला असं ॲप, जे त्याच रंगावर जास्त चुकू शकतं.

साठे काका (ए-२०१): अहो पण चुकलं मशीन तर पुढे माणूस आहे ना. पासपोर्ट दाखवला, विषय संपला.

ॲड. मोहिते (बी-१०३): काका, माझी खरी भीती तिथेच आहे. मशीन चुकतं हे सोडा, माणूसही चुकतो. प्रश्न असा की कागद एक सांगतो आणि फोन दुसरं, तेव्हा कोणाचं धरायचं? बेनी थॉम्पसन म्हणून खासदार आहेत, प्रतिनिधीगृहाच्या होमलँड सिक्युरिटी समितीतले विरोधी पक्षाचे प्रमुख. त्यांनी जाहीर सांगितलं की आइसनं त्यांच्या लोकांना दिलेल्या माहितीनुसार ॲपनं जुळवलेलं उत्तर "निर्णायक" मानतात, आणि समोरच्यानं नागरिकत्वाचा पुरावा, अगदी जन्मदाखला दाखवला तरी अधिकारी तो बाजूला ठेवू शकतो.

देशपांडे काकू (बी-५०२): जन्मदाखला चालत नाही?? मग चालतं काय

ॲड. मोहिते (बी-१०३): आणि उत्तर किती निर्णायक असतं तेही ऐका. ऑरेगॉनमध्ये धाडीत एक बाई पकडली. हातात बेड्या, मान खाली. ॲपनं तिचा चेहरा दोनदा बघितला, दोनदा दोन वेगळी नावं दिली. दोन्ही चुकीची. हे बाहेर कसं आलं, तर अधिकाऱ्याला कोर्टात साक्ष द्यावी लागली म्हणून. ज्यांचं प्रकरण कोर्टापर्यंत जातच नाही, त्यांच्या स्क्रीनवर काय नाव आलं होतं हे कोण बघणार?

मीनल (डी-६०१): फोटोला नाही म्हणता येतं का? विमानतळावर पाटी असते, नागरिक असाल तर फोटोला नकार देऊ शकता, म्हणून. माझा आर्यन तिथे जन्मला, म्हणजे तिथला नागरिक, त्याच्या वेळी मी एकदा नाही म्हटलं होतं. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण पासपोर्ट बघून सोडलं.

निखिल (सी-३०४): रस्त्यावर तशी सोय नाही. त्यांच्याच कागदपत्रांत आहे की नकाराची संधी देत नाहीत. आणि विमानतळावर काढलेला नागरिकाचा फोटो १२ तासांत पुसतात, या ॲपनं काढलेला १५ वर्षं ठेवतात. नागरिक असला तरी. आर्यनचाही ठेवतील.

मीनल (डी-६०१): आर्यन आठ वर्षांचा आहे 😐

साठे काका (ए-२०१): त्यांच्याकडे बेकायदा घुसलेले लाखो लोक आहेत, हेही लक्षात घ्या की. देश म्हटला की बघावं लागतं कोण आत येतंय. आपल्याकडे घुसखोरीवर आपणच बोलतो ना?

मुल्ला सर (ए-१०४): बोलतो, साठे साहेब. आणि इथेही झालंय. जून २०२५ मध्ये मीरा रोडला आणि आसपास बंगालमधले मजूर पकडले, मुर्शिदाबादचे वगैरे. बांगलादेशी समजून थेट सीमेपलीकडे ढकलले. घरच्यांनी कागद दाखवले, मग बंगाल सरकारनं धावपळ केली तेव्हा परत आणले. तिथे ॲप नव्हतं. पण कागदावर विश्वास नव्हता, एवढं सारखं होतं. मी रत्नागिरीचा, चार पिढ्या तिथल्या. तरी परवा नाकाबंदीत आधार दाखवलं तर हवालदार म्हणाला, हे काय कुठेही बनतं. उद्या त्याच्या हातात असा फोन आला तर तो फोनचं ऐकेल की माझं?

पाटील, सेक्रेटरी (ए-४०३): मंडळी, ग्रुपवर राजकारण नको 🙏

ॲड. मोहिते (बी-१०३): पाटील साहेब, मुल्ला सरांनी स्वतःवर आलेलं सांगितलं, त्यात राजकारण कुठे आलं.

निखिल (सी-३०४): +१. काका, माणूस आहे ना बघायला म्हणालात, त्यावर एक. डेट्रॉइटमध्ये जानेवारी २०२० मध्ये एका माणसाला घरासमोर, बायको-मुलींदेखत बेड्या घातल्या. चोरी दुसऱ्याच कुणाची, मशीननं त्याचं नाव काढलं होतं. सुमारे ३० तास कोठडीत. तिथेही माणसंच होती बघायला, पोलीस होते. पण स्क्रीननं एकदा नाव दिलं की बघणारा शोधत नाही, त्याच नावाला टेकू लावत बसतो. त्यानं दावा लावला, २०२४ मध्ये तडजोड झाली, आणि आता तिथल्या पोलिसांना नुसत्या चेहऱ्याच्या जुळणीवर अटक करता येत नाही. शहराच्या पोलिसांना हा लगाम, आणि आइसच्या हातात मोकळं रान. इलिनॉय राज्य आणि शिकागो शहर जानेवारी २०२६ मध्ये कोर्टात गेलेत, बघू.

साठे काका (ए-२०१): हं. टेकू लावण्याचं पटतं. आमच्याकडे कॉम्प्युटर आले तेव्हा हेच व्हायचं. लेजर बरोबर असलं तरी साहेब म्हणायचा, सिस्टीम असं दाखवतेय. पण म्हणून कॉम्प्युटर काढून टाकले नाहीत कोणी.

देशपांडे काकू (बी-५०२): तुमचं चालू द्या, पण सईला काय सांगू? पासपोर्ट जवळ ठेवू दे की नको? हे म्हणतात हरवला तर अजून पंचाईत.

ॲड. मोहिते (बी-१०३): काकू, मी इथली वकील, तिथला शेवटचा शब्द तिच्या कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाचा. पण एवढं नक्की की १८ वर्षांवरच्या परदेशी माणसानं नोंदणीचा पुरावा सतत जवळ बाळगायचा हा तिथला जुना कायदा आहे आणि एप्रिल २०२५ पासून तो कडक केलाय. आय-९४ ची, म्हणजे तिथल्या प्रवेशाच्या नोंदीची, ताजी प्रिंट काढून पर्समध्ये ठेवायला सांगा. मूळ पासपोर्ट रोज न्यावा का हे त्या वकिलाला विचारू दे. पासपोर्ट, व्हिसा, आय-७९७ (एच-वन-बी मंजुरीचं पत्र) यांचे स्कॅन तुमच्याकडे असू द्यात. आणि वकिलाचा नंबर कागदावर लिहून ठेवायचा, फोन काढून घेतला तर पाठ असतो का आपल्याला कुणाचा?

देशपांडे काकू (बी-५०२): मला ह्यांचाही पाठ नाही

ॲड. मोहिते (बी-१०३): आणि अडवलंच तर खोटं काही बोलायचं नाही, सही कशावरही करायची नाही, वकील हवा म्हणायचं. तिच्या नवऱ्यालाही सांगा, त्याचा डिपेंडंट व्हिसा आहे ना.

मीनल (डी-६०१): विषय निघालाच आहे तर, पाटील साहेब, आपल्या गेटवरच्या त्या चेहऱ्याच्या मशीनचं काय? ट्रायल म्हणून लावलंय ते.

पाटील, सेक्रेटरी (ए-४०३): ते वेगळं आहे हो. कामवाल्या मावश्यांच्या हजेरीसाठी. इमिग्रेशनचा काय संबंध.

मीनल (डी-६०१): काल पावणेसातला मी तिथेच होते. शोभामावशी मशीनसमोर उभ्या. अंधार, वरून पाऊस, डोक्यावर पदर. मशीन म्हणतं ओळख नाही. पदर काढा, पुढे या, मागे जा, हनुवटी वर. मग हिरवा दिवा लागला आणि नाव आलं सुरेखाताईंचं. वॉचमननं मशीनवर आलं म्हणून सुरेखाताईंची हजेरी लावली. मावशी सांगतायत मी शोभा, सात वर्षं इथे येते, तो स्वतः ओळखतो त्यांना! म्हणतो, ताई, सिस्टीममध्ये आता बदलता येत नाही. शोभामावशींचा खाडा पडला.

साठे काका (ए-२०१): मूर्ख आहे तो वॉचमन.

निखिल (सी-३०४): मूर्ख नाही काका. मशीन डावलून आत सोडलं आणि काही झालं तर त्याची नोकरी जाते. मशीनचं ऐकलं तर त्याच्यावर काही येत नाही. आइसच्या माणसाचंही तेच आहे.

ॲड. मोहिते (बी-१०३): पाटील साहेब, मावश्यांचे फोटो कुणाच्या सर्व्हरवर आहेत? काम सोडल्यावर पुसणार का? पोलिसांनी मागितले तर कंपनी कुणाला विचारून देणार? त्यांची संमती घेतली होती का, की गेटवर उभं करून काढले? करारात आहे का यातलं काही?

पाटील, सेक्रेटरी (ए-४०३): करार असा नाही, कोटेशन आहे. मागवतो त्यांच्याकडून. रविवारच्या मीटिंगला विषय घेऊ. तोवर वहीत सही चालू ठेवायला सांगतो आणि शोभाबाईंचा खाडा काढतो.

साठे काका (ए-२०१): मशीन काढायच्या मी विरोधात आहे, मिनिट्समध्ये लिहा. वॉचमनला बदल करायचा अधिकार द्या, एवढं माझं म्हणणं.

मुल्ला सर (ए-१०४): आणि त्यानं बदल केला तर त्याला जाब विचारायचा नाही, हेही लिहा.