शब्दचर्चा: ‘घातक घटक’ लिहू की ‘धोकादायक पदार्थ’?

अंबडकर
अंबडला आमच्या छोट्या कारखान्यात चार्जिंगचे इमर्जन्सी दिवे बनतात. खोक्यात जी माहितीची चिठ्ठी जाते, तिचं मराठी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मजकूर एवढाच: या वस्तूत अमुक हॅझार्डस सबस्टन्सेस आहेत, घरच्या कचऱ्यात टाकू नका. मी लिहिलं, ‘या उत्पादनात खालील धोकादायक पदार्थ आहेत’. पॅकिंगच्या मावशींनी वाचून विचारलं, “पदार्थ? म्हणजे खायचे?” दुसऱ्या खेपेला ‘घातक घटक’ केलं, तर छपाईवाल्यानं प्रूफात ‘घातक घातक’ करून पाठवलं. आता तुम्हीच सोडवा.

निवृत्त मास्तर, पंचवटी
मावशींचं बरोबर आहे. शाळेत ‘स्थायू पदार्थ, द्रव पदार्थ’ म्हणतो, पण शाळा सुटली की पदार्थ म्हणजे थालीपीठ.

विशेषणाचं म्हणाल तर धोका आणि घात यांत फरक आहे. हिंदीत धोखा म्हणजे फसवणूक, आणि विजेच्या खांबावर ते ‘खतरा’ लिहितात. आपल्या खांबावर कवटीशेजारी ‘धोका’ असतो. हा धोका जागेचा, प्रसंगाचा. पावसाळा तोंडावर आला की महापालिका जुन्या नाशकातल्या वाड्यांना ‘धोकादायक’ म्हणून नोटिसा देते. घातक वाडा असं कोणी म्हणत नाही, कारण तुम्ही बाहेर पडलात की तुमच्यापुरता धोका संपला. घातक शब्द ‘हन्’ धातूच्या घरातला: घात, आघात, अपघात, विश्वासघात सगळे तिथलेच. मारणं हा तिथे वस्तूचा गुणच. म्हणून भिंतीवरची ट्यूबलाइट धोकादायक नाही, पण तिच्या पोटातला काही मिलिग्रॅम पारा घातक आहे. नळी फुटली की मग धोका. चिठ्ठीत द्रव्याबद्दल लिहायचंय ना? मग ‘घातक’च.

सरकारी हिंदीत यालाच ‘परिसंकटमय’ म्हणतात. तेवढं मात्र घेऊ नका. उच्चारतानाच माणूस दगावायचा.

गल्लीतला
सरळ ‘डेंजर’ लिहा की. सगळ्यांना कळतं.

निवृत्त मास्तर, पंचवटी
कळतं, पण भीती वाटत नाही. ‘लई डेंजर बॅटिंग केली’, ‘खतरनाक मिसळ’ ही आता शाबासकी झाली. जालीमचंही तेच, जालीम उपाय आपण मागून घेतो. घातक मिसळ अजून ऐकली नाही.

द्राक्षवाला, पिंपळगाव
आमच्याकडे यावर कायद्याचीच उतरंड आहे. फवारणीच्या डब्यावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो, त्याचे दोन त्रिकोण. खालच्यात रंग, वरच्यात शब्द. लाल आणि पिवळ्याला ‘पॉयझन’, लालला वर कवटीपण. निळ्याला ‘डेंजर’, हिरव्याला ‘कॉशन’. म्हणजे विष, धोका, सावधान अशी उतरती पायरी. पण बोलताना आम्ही विषही म्हणत नाही आणि कीटकनाशकही नाही. आम्ही म्हणतो ‘औषध’. औषध मारलं, औषध आणलं, आणि कुणी जीव दिला तर ‘औषध प्यायला’. लेबल कितीही ओरडू द्या, तोंडात शब्द औषधच.

अंबडकर, ‘विषारी’ का नाही लिहीत?

क्वालिटीवाला, सातपूर
कारण विषारी म्हटलं की पोटात जाण्यापुरतंच लक्षात राहतं. यांच्या दिव्यात लेड-ॲसिड बॅटरी असणार. शिसं विषारी आहे, पण ॲसिड भाजतं. हॅझार्डसमध्ये भाजणारं, पेटणारं, फुटणारं सगळंच येतं, आणि ‘घातक’मध्ये ते मावतं.

मला खरी भीती ‘मुक्त’ची वाटते. सर्किट बोर्डाबद्दल लोक बेधडक ‘शिसेमुक्त’ छापतात. रोह्सचा नियम, म्हणजे विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंत घातक द्रव्यं किती चालतील ते ठरवणारा, युरोपात १ जुलै २००६ पासून लागू झालेला आणि आपल्याकडे २०११च्या ई-कचरा नियमांतून आलेला, शून्याचा नाही, मर्यादेचा आहे. शिसे, पारा, सहासंयुजी क्रोमियम आणि आग रोखणाऱ्या ब्रोमीनच्या रसायनांची दोन कुळं यांना वजनाच्या ०.१ टक्का, कॅडमियमला ०.०१ टक्का. तेही अख्ख्या दिव्याच्या वजनावर नाही. सोल्डर वेगळं, वायरचं आवरण वेगळं, असं एकेक धरून. तेव्हा ‘ठरलेल्या मर्यादेत’ लिहावं. मुक्त फक्त जीवन्मुक्त.

आणि शिसे शब्दाचाही घोळ आहे. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, असतं ग्रॅफाइट. त्यामुळे ‘शिसे आहे’ वाचून माणूस म्हणतो, पोरं तर रोज चघळतात. कल्हईचं कथील आणि डाख द्यायचं शिसं यातला फरक तांबट आळीत विचारला तर लगेच कळेल. आमच्या लाइनवर मात्र दोन्हीला ‘सोल्डर’.

जाता जाता: चिनी चार्जरवर नारिंगी गोलात १० आकडा असतो ना, ती वॉरंटी नाही. नीट वापरलं तर इतकी वर्षं आतली घातक द्रव्यं बाहेर येणार नाहीत, असा त्याचा अर्थ. दुकानदार तो आकडा दाखवून माल विकताना मी पाहिलेत.

अंबडकर
सगळ्यांचं ऐकून असं केलंय:

‘या दिव्याच्या बॅटरीत शिसे आणि ॲसिड आहे. दोन्ही घातक आहेत. बॅटरी फोडू नका. दिवा बिघडला तर घंटागाडीत टाकू नका, दुकानात परत द्या.’

पदार्थ, घटक, द्रव्य, तिन्ही गेले. नाव घेतलं की जात सांगावी लागत नाही. खाली फुली मारलेल्या कचऱ्याच्या डब्याचं चित्र. मावशींना दाखवलं, त्या म्हणाल्या, “डबा रिकामा ठेवा असं म्हणताय का?”

द्राक्षवाला, पिंपळगाव
आमच्या मळ्यात कुठली घंटागाडी? तिथं ‘उकिरडा’ लिहा.

अंबडकर
लिहितो. पण फुली मारायला उकिरड्याचं चित्र कसं काढायचं, ते आर्टिस्टला विचारावं लागेल.