कॅमेऱ्यासमोर नाचून व्हिडिओ शोधायचा? आधी घोडेमोडणी शोधून दाखवा

साखळीकर: कालच्या पोस्टचं म्हणणं असं की गोव्याच्या शिगम्यातल्या, म्हणजे होळीच्या सणातल्या, नाचांच्या व्हिडिओ-संग्रहाला शब्द टाकायची शोधपेटी नकोच. कॅमेऱ्यासमोर नाचा, जुळणारे तुकडे येतील. वा! पाय चौकटीत यायला लॅपटॉपपासून दोन-अडीच मीटर मागे जायचं, मग बटण कोण दाबणार? उलटी मोजणी हवी, रेकॉर्डिंगची टोकं कापायची सोय हवी, नाहीतर बटणाकडे चालत येणंही नाच म्हणून शोधलं जातं. त्यापेक्षा पडद्यावर काड्यांचा बाहुला द्या. सांधे माउसने ओढले, दोन-तीन पोझ ठेवल्या, झालं.

फोंडेकर: बाहुल्याने पोझ सापडते, लय नाही. फुगडीची गिरकी तीन पोझमध्ये मांडून दाखवाच. वेग कमीजास्त असला तर डायनॅमिक टाइम वॉर्पिंग आहे की, वेळ ताणून-आखडून दोन हालचाली जुळवणारी पद्धत.

साखळीकर: आहे ना. वेळ किती ताणू द्यायची तो वॉर्पिंगचा पट्टा सैल सोडा, एकदाच हात वर करून उभा राहिलेलाही जुळेल. आणि फुगडीत दोघींचे हात एकमेकींत, अर्ध्या गिरकीत व्हिडिओतले सांधे टिपणारा ट्रॅकर हिचे सांधे तिला लावतो. त्याचं काय?

डिचोलीकर: दोघेही घोडेमोडणी विसरलात. हातात तलवार, कमरेला लाकडी घोडा बांधून नाचतात! सांधे ओळखणारं मॉडेल अंगावरच्या १७ बिंदूंचं घ्या की ३३ बिंदूंचं, कंबर अंदाजानेच ठोकतं. तुम्ही सगळं मोजता कमरेच्या मध्यापासून. मध्यच डुलला की धड जागेवर असलेले हातही चुकतात. खांद्यांच्या मध्यापासून मोजा, कमी खात्रीच्या बिंदूंना वजन शून्य द्या, आणि ते पडद्यावर राखाडी दाखवा. शोधणाऱ्याला कळू दे घोळ कुठे आहे. 'फक्त हात' अशी खूणही हवी. आणि प्रीव्ह्यू आरशासारखा, शोध मात्र सरळ, हे कोणाचं डोकं? पडद्यात बघून तलवारीचा हात जुळवायला जावं तर नेमका डावा उचलला जातो.

पेडणेकर: आधी नावं सुधारा. सण एकच, पण शोधपेटीत मराठी 'शिमगा' टाकलं तर शून्य, कोंकणी 'शिगमो' टाकलं तर ढीग.

फोंडेकर: आलं! भाषेचा वाद इथेही.

पेडणेकर: वाद कसला? पर्यायी नावांचा एक तक्ता, दुपारभराचं काम. ते टाळून सांधे मोजत बसलात. गोफात नाचता नाचता टांगलेले दोर विणतात, मग उकलतात. दोन्ही वेळा पावलं तीच, फक्त फिरणं उलटं. खरा फरक दोरांत, आणि दोराला सांधा नसतो. शोधा आता नाचून.

फोंडेकर: बरं पेडणेकरबाब, गोफाला शोधपेटी ठेवा. फुगडीला हात लावू नका.

डिचोलीकर: आणि निकालात स्थिर चित्रं नकोत हो. जुळलेले दोन सेकंद फिरत राहू देत. एका चौकटीत फुगडी आणि भांडण सारखंच दिसतं.

साखळीकर: या धाग्यासारखं.