वाटेत जिवंत माणूस पडलाय, तरी समिट, म्हणजे शिखर, करायचं?

गोदाकाठचा_भटक्या
रविवारी हरिहर गडाच्या खड्या पायऱ्यांवर एक मुलगी मधेच घाबरून बसली, खाली दरी दिसली आणि हातपाय गळाले तिचे. चार अनोळखी पोरं थांबली, खोबणीत हात कुठे घालायचा ते सांगत एकेक पायरी उतरवत पायथ्याच्या निरगुडपाड्याकडे घेऊन गेली. त्यांचा ट्रेक राहिला, पण एकानेही कुरकुर केली नाही. मला तेव्हापासून २००६ चा ब्रिटिश गिर्यारोहक डेव्हिड शार्प आठवतोय. एव्हरेस्टवर साधारण ८५०० मीटरवर कपारीत बसलेला, चाळीसेक जण शेजारून गेले, आणि त्याने तिथेच जीव सोडला. एडमंड हिलरी किती संतापले होते तेव्हा! मला त्यांचंच पटतं, माणूस जिवंत असेल तर समिट तिथंच संपलं.

कातळवेडा
दादा, हरिहर आणि डेथ झोन एका तराजूत नका घालू. डेथ झोन म्हणजे ८००० मीटरच्या वर, तिथे स्वतःचा बूट नीट बांधता येत नाही, शिखरावर ऑक्सिजन इथल्या एक तृतीयांश. शार्पला काही जणांनी ऑक्सिजन दिला, उठवायचा प्रयत्नही केला, पण त्याला उभंच राहता येईना. अशाला दोघांनी ओढत आणायचं म्हटलं तर एकाच्या जागी तिघं जातील.

गोदाकाठचा_भटक्या
मग एव्हरेस्टवरच, त्याच मोसमातला ऑस्ट्रेलियन गिर्यारोहक लिंकन हॉल? मेला समजून सोडलेला, रात्रभर ८६०० च्या आसपास उघड्यावर, सकाळी डॅन मेझरच्या टीमला जिवंत दिसला. त्यांनी शिखर सोडलं, त्याच्याजवळ थांबले, मग शेर्पा वर आले आणि माणूस वाचला.

रानजाई
"शेर्पा वर आले" हे किती सहज लिहिलंत. तुम्ही दोघं थांबायचं की नाही यावर भांडताय, पण पाठीवर घेणार कोण? मे २०२३ मध्ये गेल्जे शेर्पाने आपल्या क्लायंटला समिट सोडायला लावलं आणि एव्हरेस्टवरच्या 'बाल्कनी' नावाच्या टप्प्याजवळ अडकलेल्या मलेशियन गिर्यारोहकाला मॅटमध्ये गुंडाळून कधी ओढत कधी पाठीवर घेऊन सहाएक तासांत साउथ कोल या खिंडीतल्या कॅम्पपर्यंत उतरवलं. आणि त्याच जुलैत केटू शिखराच्या बॉटलनेक या अरुंद घळीत मोहम्मद हसन हा पाकिस्तानी पोर्टर, म्हणजे सामान वाहणारा, पडला, काहींनी धडपड केली हे खरंय पण कितीतरी लोक त्याला ओलांडून वर गेले. क्लायंट पडला तर रेस्क्यू, पोर्टर पडला तर "परिस्थिती कठीण होती", हे मला सहन होत नाही.

कातळवेडा
हसनचा व्हिडिओ मी पाहिलाय ताई, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मग क्लायंटने "थांबा, याला उचला" म्हणून शेर्पाचा जीव पणाला लावायचा, हे तरी बरोबर आहे का?

रानजाई
नाहीच. म्हणून हे बेस कॅम्पलाच ठरायला हवं, ऑक्सिजनच्या जादा बाटल्या कोणाच्या, किती वाजता काहीही झालं तरी मागे फिरायचं, आणि पोर्टरचा विमा, कपडे, बूट आपल्यासारखेच आहेत का. वर गेल्यावर कोणाचं डोकं चालतंय?

गोदाकाठचा_भटक्या
हे पटलं. उचलता येत नसेल तर नका उचलू, पण निदान शेजारी बसा, हात धरा, ओलांडून नका जाऊ, एवढं मात्र मी सोडणार नाही.

कातळवेडा
मी आठ हजार मीटरच्या शिखरासाठी तीन वर्षं पैसे साठवतोय. उद्या एजन्सीला फोन करून आधी पोर्टरच्या विम्याचं विचारतो.